काचेखालची गोधडी

बायको गेली तरी मारुती येवले रडला नाही, ही गोष्ट वडिवळ्यात सगळ्यांची चघळून झाली होती. सविता माघात गेली. आता दसरा तोंडावर आला, धरणाखालच्या खाचरांत भाताच्या लोंब्या वाकायला लागल्या, तरी या माणसाच्या डोळ्यात टिपूस नाही. नळावरच्या बायका म्हणत, काळजाचा दगड आहे. पारावरची माणसं म्हणत, आतल्या आत सोसतोय बिचारा. दुसऱ्याच्या दुःखाचं माप काढल्याशिवाय काही लोकांना चहा गोड लागत नाही. खरं म्हणजे मारुती दगडही नव्हता आणि सोसतही नव्हता. त्याला काही होतच नव्हतं. पुढ्यात भाकरी आली की तो खायचा, अंधार पडला की झोपायचा, उजाडलं की देहूरोडच्या डेपोत कामाला जायचा. तिथं लष्कराची खोकी उचलता उचलता त्याची उमर गेली होती आणि आता तो खोकी उचलणाऱ्यांवर देखरेख करायचा. कुणी ‘कसं काय मारुतीभाऊ’ म्हणून विचारलं तर ‘बरं चाललंय’ म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

एकच गोष्ट त्याला जाणवायची. गाडी चालवताना त्याचं डोकं हलायचं.

त्याच्या मोटरसायकलला पुढं मोठी काच होती. काच आपली म्हणायची, होतं प्लास्टिकच. कामशेत मागं पडलं, जुन्या हायवेवर काटा साठाकडं सरकला, की वारा काचेच्या वरच्या कडेवरून उडी मारायचा आणि बरोबर त्याच्या हेल्मेटवर येऊन पडायचा. समोरून सरळ येणारा वारा माणूस मान ताठ करून झेलतो. याचं तसं नव्हतं. एकदा या कानावर, एकदा त्या कानावर, धडधड धडधड, खवळलेल्या मास्तरानं टपल्या हाणाव्यात तसं. वडगाव येईतो रस्त्यावरच्या पाट्या डोळ्यांपुढं थरथरायला लागायच्या. डेपोत पोचून हेल्मेट काढलं तरी कानात गिरण चालू असायची. मान अशी आखडायची की कुणी हाक मारली तर मारुती अख्खा वळायचा. सगळ्या दिवसात आपण जिवंत आहोत हे त्याला तेवढ्या वेळातच काय ते कळायचं.

त्यानं गाडी कामशेतला लखनकडं नेली. लखन डोंगरावरच्या वाडीतला. पोरवयात खाली उतरला, दुसऱ्याच्या गॅरेजात पाने उचलून देत शिकला आणि आता त्याचं स्वतःचं पत्र्याचं गॅरेज होतं. ही काच त्यानंच बसवलेली. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, हातानं काच हलवून बघितली, मग वाकून हेडलाइटच्या वर, काचेच्या खालच्या बाजूला बोट घातलं.

“भाऊ, ह्ये फडकं काढा आधी.”

“त्येला हात लावायचा न्हाई,” मारुती म्हणाला.

“आवो, ही फट मुद्दाम ठिवलेली आसती. मला त्या मुंबईच्या गाडीवाल्यांनी सांगितलं, कार्ल्याला जात्यात त्ये. खालनं वारा आलाच न्हाई तर काचंमागं पोकळ ऱ्हातं. मंग वरचा वारा तितं घुसाय बगतो, आन् तुमचं टकुरं मधी येतंय.”

“दुसरं काय आसल तर सांग.”

लखननं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पान्याची पेटी ओढली. गिऱ्हाईक वेडं असलं तरी गिऱ्हाईक असतं.

ते फडकं म्हणजे फडकं नव्हतं. गोधडी होती, हातभर लांबीची. काच बसवली त्या थंडीत मारुतीला खोकला लागला होता आणि जाता जाईना. सवितानं गाडीवर मागं बसून हात पुढं घालून बघितला, तर काचेखालच्या फटीतून बर्फासारखा वारा थेट नवऱ्याच्या छातीवर येत होता. “येवढे पैशे घालून काच बशिवली आन् खाली भोक ठिवलंय, काय डोस्कं हाय का त्या लखन्याला,” असं म्हणून तिनं त्याच रविवारी सुई-दोरा काढला. मारुतीची जुनी खाकी पँट, आईच्या लुगड्याचा हिरवा काठ, फाटलेल्या रेनकोटाचं अस्तर, असे थर घातले, उभे धागे घालत गोधडी शिवली, चार कोपऱ्यांना नाड्या लावल्या आणि फटीत दाबून बसवून बांधून टाकली. खोकला गेला. तो औषधानं गेला की गोधडीनं, यावर घरात वाद झाला नाही. सविता गोधडीनं म्हणाली, म्हणजे गोधडीनंच.

तेव्हापासून ती गोधडी तिथं होती. वर्षातून एकदाच निघायची, दसऱ्याला. गाड्या धुवायच्या, झेंडूचे हार घालायचे, पूजा करायची, तो दिवस. सविता आदल्या संध्याकाळी गोधडी सोडायची, दगडावर धुवायची, उसवलेला टाका घालायची आणि वाळली की स्वतः बांधायची. तोवर गाडी दारातून हलायची नाही. “आंगात बंडी न्हाई तिच्या, कुटं निगाला,” म्हणायची. बाकी वर्षभर तिला कुणी हात लावत नसे.

सविता तळेगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. त्यामुळं सकाळी दोघं एकाच गाडीवर निघायची. ती तळेगाव फाट्याला उतरायची, तो पुढं देहूरोडला. मागं बसली की बाई बोलायला सुरुवात करायची. घरात तिला बोलायला सवड नसायची, स्वयंपाक, गुरं, भांडी. गाडीवर हात मोकळे, म्हणून तोंड मोकळं. काल कँटीनमध्ये कोण काय म्हणालं, लेक तेजलच्या सासूचं काय चाललंय, खाचराच्या बांधावरून चुलत्यांशी काय बोलायचं, सगळं हायवेवर. आणि मारुतीला त्यातलं अक्षर ऐकू यायचं नाही. कानाशी वाऱ्याचा नुसता भडिमार. चार-दोन शब्द तुटून यायचे, ‘मंग म्या म्हनलं’ किंवा ‘लाज वाटती का’. तो मान न वळवता ओरडायचा, “घरी गेल्यावर सांग!” ती ओरडायची, “काय?” तो ओरडायचा, “घरी!” मग थोडं शांत, की परत सुरू. घरी गेल्यावर तो विचारायचा, काय सांगत व्हतीस सकाळी? ती तव्यावरून नजर न काढता म्हणायची, “काय न्हाई, इसारले.”

काटा चाळिसाच्या पुढं गेला की ती खांद्यावर टपली मारायची. तेवढं मात्र त्याला न ऐकता कळायचं. चाळिसाला डोकं हलत नाही, नुसता आवाज होतो. डोकं हलायला लागलं ते तो एकटा पडल्यावर, साठ-सत्तरानं जायला लागल्यावर. घाई कसलीच नव्हती. टपली मारायला कुणी नव्हतं, एवढंच.

फाट्यावर रिक्षा थांबतात तिथं तो गाडी कडेला घ्यायचा आणि डावा पाय टेकवायचा. मागं वळून बघायची त्याला कधी गरज पडली नाही. ती उतरली की मागची स्प्रिंग हलकी व्हायची, सीट बोटभर वर उचलली जायची. गाडी उचलली, म्हणजे सविता उतरली. मग तो क्लच सोडायचा.

माघातल्या त्या सकाळीही असंच झालं. ती वडगावच्या पुढं काहीतरी सांगत होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच कानाशी येऊन. तो म्हणाला, घरी गेल्यावर सांग. फाटा आला, गाडी उचलली, तो गेला. दुपारच्या आत डेपोत फोन आला. पोळपाटाशी बसल्या बसल्या सविता बाजूला कलंडली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

दहाव्याला कावळा शिवेना. लोकांनी एकेक आश्वासन देऊन बघितलं. बांधाचं भांडण मिटवू म्हणून चुलते म्हणाले, तर कावळ्यानं त्यांच्याकडं पाठ केली, आणि गावाला ते अजिबात नवल वाटलं नाही. शेवटी लेक तेजल पुढं झाली आणि म्हणाली, आई, आण्णांना मी जपेन. कावळा उतरला. मारुती शेजारी उभा होता. आपणही काहीतरी म्हणायला हवं होतं, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा माणसं चपला घालत होती.

परतताना तेजलनं त्याला विचारलं, “आण्णा, त्या दिवशी रस्त्यात आई शेवटचं काय बोलली?”

“आयकू आलं न्हाई,” मारुती म्हणाला.

तेजलला वाटलं, बाप सांगायचं टाळतोय. ते तिच्या मनातून गेलं नाही.

घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत सण करायचे नाहीत. मारुतीच्या दारी गुढी उभी राहिली नाही, बैलपोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग लागला नाही, गौरी आल्या त्या दुसऱ्यांच्या घरी. पावसाळाभर हायवेचा चिखल गाडीवर उडत राहिला. गोधडी त्यात भिजली, वाळली, परत भिजली, आणि भिंतीला लिंपलेल्या शेणासारखी कडक होऊन फटीत बसली. आता तिथून मुंगी गेली नसती.

लखननं काच वायसर घालून बोटभर वर उचलली. टपल्या आता कपाळावर बसायला लागल्या. त्यानं काच मागं कलती केली, तर हनुवटीवर बसायला लागल्या. वरच्या कडेला दाराचं रबर चिकटवून दिलं; ते सोमाटण्याजवळ सुटलं आणि मागून येणाऱ्या टेम्पोच्या काचेवर जाऊन बसलं, आणि टेम्पोवाल्यानं मारुतीच्या सगळ्या पिढ्यांची चौकशी केली. कानात कापूस घालून झाला. हेल्मेटमध्ये टॉवेल घालून झाला. उभं राहून चालवलं की डोकं काचेच्या वर जायचं आणि एकदम बरं वाटायचं, पण माणूस देहूरोडपर्यंत उभ्यानं किती जाणार? लोक हात करून विचारायला लागले, भाऊ, गाडीला सीट न्हाई का. दर खेपेला काम संपलं की लखन गोधडीकडं बघायचा, मग मारुतीकडं, आणि हात पुसायचा.

भादव्यात एके दिवशी वडगावच्या अलीकडं मारुतीला पुढच्या ट्रकचे दिवे दोनाचे चार दिसले. त्यातले खरे कोणते हे ठरवेपर्यंत ट्रकनं ब्रेक मारला होता. मारुतीनंही मारला. गाडी आडवी झाली, तो बाजूच्या मुरमावर घासत गेला. लोक धावले. गुडघ्यातून रक्त येत होतं. ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं तो त्याच्याकडं बघत बसला. मग उठला, आधी काचेखाली हात घालून गोधडी जागेवर आहे का बघितलं, आणि डेपोत गेला.

तेजल लोणावळ्याला दिलेली. तिला ही बातमी दुसऱ्याच दिवशी कळली, कारण मावळात बातमीला पेट्रोल लागत नाही. रविवारी ती आली, गुडघा बघितला, गाडीचं वाकलेलं पायदान बघितलं आणि घरात येऊन चहा न घेता बोलायला लागली.

“आण्णा, गाडी विकायची. लोकलनं जायचं कामाला.”

“गाडी न्हाई इकायची.”

“का?”

मारुतीनं विचार केला. कारण सापडलं नाही. म्हणजे कारण गाडीवरच बांधलेलं होतं, पण ते तोंडानं सांगता येईल असं त्याला दिसेना.

“कारण सांगा ना. एक तरी कारण सांगा. मी आईला शब्द दिलाय, सगळ्या गावासमोर दिलाय. उद्या तुम्हाला काही झालं तर मी तिला काय तोंड दाखवू?” तिचा आवाज चिरकला. “तुम्ही कशाला काही म्हणतच नाही. रागवा तरी. आई गेल्यापासून मी भिंतीशी बोलतेय.”

तेजल डोळे पुसून उभी राहिली. लोणावळ्यात तिच्या शेजारचा एकजण जुन्या गाड्या घेतो, तो दसऱ्यानंतरच्या रविवारी येऊन गाडी नेणार, असं तिनं सांगितलं. मारुतीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती गेल्यावर तो गाडीपाशी गेला. गोधडी आता सोडून ठेवावी, असं त्याच्या मनात आलं. त्यानं एका गाठीला बोट लावलं आणि परत काढून घेतलं. ती गाठ सवितानं मारलेली होती. सोडली की मग ती कुणाचीच गाठ नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी गावात गाड्या धुण्याचा गलका होता. ट्रॅक्टरला हार, टेम्पोला हार, लहान पोरांच्या सायकलींनासुद्धा हार. मारुतीच्या दारात यंदा काही नव्हतं आणि दारातली मळकी गाडी येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत येत होती. तो उठला आणि गाडी काढून औंढ्याला निघाला. तिथं सविताचं माहेर. सासू रतनबाई एकटीच असेल, लेकीच्या मागं तिनंही यंदा सण धरला नव्हता. तेवढाच गाडीवरचा शेवटचा मोठा फेरा. वाटेत डोक्यावर टपल्या बसत होत्या. त्यानं काटा खाली आणला नाही.

रतनबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. सकाळी पाऊस शिंतडून गेला होता, आभाळ अजून भरलेलं. तिनं जावयाला पाणी दिलं, चहा दिला, तेजलची चौकशी केली. मग तिची नजर अंगणातल्या गाडीवर गेली.

“मारुतराव, किती मळलीय ही गाडी! धुतली न्हाई व्हय?”

“यंदा सण न्हाई, मामी.”

“सण न्हाई म्हनून तुमी आंगूळ सोडलीय का? घान काडाया कसला आलाय सण?”

ती ओट्यावरून उतरली. म्हातारी वाकलेली होती, त्यामुळं तिचं तोंड बरोबर काचेखाली आलं. “आन् ह्ये काय भरलंय हितं?” असं म्हणत तिनं गाठीला हात घातला.

“ऱ्हाऊ द्या, मामी,” मारुती म्हणाला. निदान म्हणायला उठला. तोवर पहिली गाठ सुटली होती. लखननं पक्कड लावली असती तरी सुटली नसती अशी ती गाठ म्हातारीनं केसातला आकडा घालून अलगद मोकळी केली. का सुटू नये? सविता गाठ मारायला तिच्याकडूनच शिकली होती. दुसरी सुटली, तिसरी, चौथी. गोधडी पापुद्र्यासारखी फटीतून निघून रतनबाईच्या हातात आली.

तिनं ती दगडावर टाकली, पाणी ओतलं, साबण लावला. आधी नुसता चिखल वाहिला. मग खाकी दिसायला लागलं, मग पांढरे धागे, मग हिरवा काठ. काठ दिसला तसा म्हातारीचा हात थांबला.

“माझ्या लुगड्याचा काठ हाय ह्यो,” ती म्हणाली. “त्या थंडीत आली तवा घिऊन गेलती. म्या म्हनलं, काय करतीस जुन्याचं? म्हनली, त्यांच्या छातीला लावाया पायजे.”

आणि ती रडायला लागली. धुणं थांबवलं नाही. रडत रडत घासलं, रडत रडत खळबळलं, नाक पदराला पुसलं आणि परत घासलं. मारुती शेजारी तांब्या धरून उभा होता. आता आपल्यालाही काहीतरी व्हायला पाहिजे, असं वाटून त्यानं थोडा वेळ वाट बघितली. काही झालं नाही. त्यानं तांब्यातलं पाणी ओतलं.

गोधडी कुंपणावर पसरली. जेवण झालं, दुपार कलली, पण ऊन काही पडेना. मारुती तीनदा उठून कापड चाचपून आला. “तशीच बांदतो,” शेवटी तो म्हणाला.

“वली नगा बांदू, कुजल.” रतनबाईनं गोधडी कुंपणावरून काढली आणि छातीशी धरली. “ऱ्हाऊ द्या की माझ्याजवळ आजच्या रातीपुरती. माझ्या लेकीच्या हातची हाय.”

यावर जावयानं काय बोलायचं असतं? मारुतीनं हेल्मेट घातलं आणि गाडीला किक मारली.

लोणावळ्यात गर्दी होती, गाडी रांगतच चालली. वलवण मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, तसं त्यानं ॲक्सिलरेटरचा कान पिरगाळला. फटीतून गार वारा आला आणि शर्टाच्या गुंड्यांमधून छातीवर बसला. बरोबर तिथं, जिथं सवितानं हात धरून बघितला होता. काटा पन्नासावर गेला, साठावर गेला. मारुतीनं सवयीनं खांदे आवळले, मान गाडली आणि टपलीची वाट बघितली.

टपली आली नाही.

त्याला आधी वाटलं, काच पडली. काच जागेवर होती. वारा होता, पण कुठंतरी वरून, डोक्यावरून निघून जात होता. हेल्मेटच्या आत घरासारखी शांतता होती. त्याला इंजिन ऐकू आलं, चेनची टकटक ऐकू आली. शेजारून झेंडूचे हार घातलेला टेम्पो गेला, त्यातली पोरं ओरडत होती आणि काय ओरडत होती तेही कळलं. मळवलीला रेल्वेचा भोंगा वाजला. आणि मग स्वतःचा श्वास. इतक्या वर्षांत या रस्त्यावर त्यानं स्वतःचा श्वास कधी ऐकला नव्हता.

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा एकदम समजलं. येवढीच गोष्ट होती. हातभर कापड सोडलं असतं, तर तिचं सगळं ऐकू आलं असतं. कँटीनमधलं, बांधाचं, तेजलच्या सासूचं, रोजचं. आणि त्या सकाळचं. ते कापड त्याच्या छातीला थंडी लागू नये म्हणून तिनंच शिवलं होतं, तिनंच बांधलं होतं, आणि मग त्याच्यामागं बसून वर्षानुवर्षं त्याच कापडाशी ती ओरडत राहिली होती.

मारुतीनं कान सोडला. काटा खाली आला, पन्नास, पंचेचाळीस. चाळिसावर त्यानं धरून ठेवला.

“बोल,” तो मोठ्यानं म्हणाला. “आता आयकू येतंय.”

गाडी चालत राहिली. त्यानं मान जराशी डावीकडं कलती केली, ती बोलायची त्या बाजूला.

“बोल की. घरी नगं. हितंच सांग.”

कामशेतचा नाका आला. वडिवळ्याला इथून वळायचं. तो वळला नाही. वळायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी सविता मागं असली की गाडी इथून सरळ तळेगावकडंच जायची. वडगाव आलं, गेलं. छाती गारठून गेली होती आणि त्याच्या खाली काहीतरी दुखत होतं, नीट, ठसठशीत, दात दुखावा तसं. माघापासून पहिल्यांदा त्याला दुखत होतं.

तळेगाव फाट्याला त्यानं गाडी कडेला घेतली, रिक्षा थांबतात तिथं. डावा पाय टेकवला. मागं बघितलं नाही. क्लच दाबून धरला आणि थांबला.

सीट उचलली जाईना.

तो थांबून राहिला. हेल्मेटच्या आत रडणं सोपं नसतं, पुसायला हात जात नाही, आणि काचेवर वाफ धरते. मारुतीला ते माहीत नव्हतं, आता माहीत झालं. खांदे गदागदा हलत होते आणि पाय तेवढा घट्ट टेकलेला होता, गाडी तिच्या उतरण्याच्या वेळेला कलू नये म्हणून.

मागून हार घातलेली एक रिक्षा आली. तिला तीच जागा हवी होती. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, परत दिला, मग डोकं बाहेर काढलं.

“आबा, गाडी घ्या ना पुढं!”

“घेतो,” मारुती आतून म्हणाला. “उतरू दे तिला.”

रिक्षावाल्यानं रिकाम्या सीटकडं बघितलं. हॉर्नवरचा हात काढला आणि रिक्षा हळूच मागं घेतली.